आधी कुबड्या दाखवा, मग आनंदाचं बोला

आज पुन्हा ती क्लिप आली, एलिनॉर पोर्टरच्या कादंबरीतल्या त्या अनाथ पोरीची. पॉलिअ‍ॅनाच्या वेण्या, कोवळं ऊन, खाली ‘सदा हसत राहा’. डोकंच फिरलं!

अहो, प्रत्येक गोष्टीत आनंद मानायला काहीतरी शोधायचं, हा तिचा खेळ सुरूच होतो रडण्यातून. मिशनच्या मदतीच्या पिंपातून पोरीला बाहुली हवी असते, निघतात लहान मुलांच्या कुबड्या. बाप म्हणतो, तुला त्या लागत नाहीत, याचा आनंद मान. मालिका काढताना हा प्रसंग एका वाक्यात उरकला की पुढचं सगळं नुसतं साखरपाणी. पिंप उघडताना तिचा चेहरा पडलेला दिसायलाच हवा. बाप गेल्यावर खेळ जवळजवळ जमत नाही, हे ती स्वतःच मावशीच्या घरच्या मोलकरणीला, नॅन्सीला, सांगते. तेच वाक्य आधी कापतात!

जपानी मालिकेला (1986, 51 भाग) निदान सवड होती. बाप जिवंत असल्यापासून गोष्ट सुरू केली, म्हणून त्याचं जाणं मनाला लागतं. दोन तासांच्या टीव्हीपटात एवढं बसत नाही, मान्य.

पण बाप गेल्यावर पोर जिच्याकडे राहते, त्या मावशीचं काय? ‘तुझ्या वडिलांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही’ ही तिची ताकीद. खेळ वडिलांचा, म्हणून मावशीला तो सांगताच येत नाही. अख्खा गाव खेळतो आणि घरची बाई कोरडी. मोटारीच्या धडकेनंतर पाय गेलेल्या पोरीसाठी एकेक जण दाराशी निरोप घेऊन येतो. कायम काळ्या कपड्यांत वावरणारी विधवा गळ्याशी फिकट निळी फीत बांधून येते. हा सीन मी कितीही वेळा बघेन. मावशी गोंधळून नॅन्सीला विचारते आणि तेव्हा कुठे कुबड्यांची गोष्ट तिच्या कानावर पडते. आता कुबड्या मिळाल्या तरी भाग्य, अशी पोरीची अवस्था असताना!

मूळ 1913 चं पुस्तकही मधूनमधून अति गोड होतं, नाही असं नाही. गाव बदला, गाणी घाला, काही बिघडत नाही. 1989 च्या ‘पॉली’ या टीव्हीपटाने गोष्ट थेट 1950 च्या दशकातल्या अलाबामात नेली, कृष्णवर्णीय कलाकार घेऊन. छान केलं. 1960 च्या सिनेमात मात्र मोटारीऐवजी झाडावरून पडणं आलं, तेही मावशीची नजर चुकवून जत्रेहून परतताना. म्हणजे अपघाताला लगेच कारण मिळालं, मावशीचा कडकपणा. पुस्तकातली मोटार कुणाला धडा शिकवायला येत नाही, नुसती येऊन आदळते. पुढचा पटकथाकार जो कोणी असेल त्याने मोटारच ठेवावी आणि मावशीला खेळ शेवटाआधी कळू देऊ नये.