रोमन पुतळ्याला नाक कसं बसवावं

तुमच्याकडे रोमन संगमरवरी पुतळा आहे आणि त्याचं नाक गेलंय? टेन्शन घेऊ नका, नवीन बसवा. फक्त कुणाला सांगू नका.

गेल्या महिन्यात रोममधल्या एका म्युझियममध्ये (नाव जाऊ दे, तिकीट मात्र सणसणीत होतं) एका बाईंच्या पुतळ्यापुढे मी वीस मिनिटं उभा, काय ते नाक, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, 'अठराशे वर्षांचं नाक बघा'. मग बाजूनं बघतो तर सरळ सांधा, दगडसुद्धा वेगळा. पाटीवर काय? 'रोमन, दुसरं शतक.' बास.

तर पद्धत अशी. आधी तुटलेली कड घासून सपाट करा, जुना दगड गेला तर गेला, नवा तुकडा नीट बसायला नको?

आत लोखंडी सळई घाला. गंजून फुगेल, दगड तडकेल, पण तोवर तुम्ही नसाल.

मुंडकं बसवताना दिशा बघू नका. 1791 मध्ये रोमजवळ, बादशहा हेड्रियनच्या व्हिलात सापडलेला थाळीफेक्याचा पुतळा घ्या, मूळ ग्रीक पुतळ्याची रोमन प्रत. हा गडी मागे वळून थाळीकडे बघतो, हे दहा वर्षं आधी रोममध्ये मिळालेल्या दुसऱ्या प्रतीवरून सगळ्यांना दिसत होतं, तरी याला खाली बघायला लावला! मग तो टाउनली नावाच्या इंग्रज संग्राहकाकडे गेला, 1805 मध्ये ब्रिटिश म्युझियमला, 2017 मध्ये आपल्या मुंबईलाही येऊन गेला, आपण शेजारी उभं राहून सेल्फी काढले, मान वाकडी ती वाकडीच. आणि हा नशीबवान म्हणायचा, कारण तसलंच एक धड मोनो नावाच्या शिल्पकाराला मिळालं तर त्यानं चक्क जखमी योद्धा करून टाकला, तो आहे रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये, पडतोय बिचारा तीनशे वर्षं.

इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान बर्लुस्कोनी, त्यांच्या ऑफिसातल्या मार्सच्या (रोमन युद्धदेवाच्या) पुतळ्याला 2010 मध्ये नको तो अवयव लावला होता, पण चुंबकानं, म्हणून नंतर काढता तरी आला.

अहो, जोडलं म्हणून राग नाहीये. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधल्या झोपलेल्या हर्माफ्रोडाइटची (अर्धी बाई, अर्धा पुरुष असा पुतळा) गादी बर्निनी या शिल्पकारानं 1620 च्या सुमारास केली, ते सांगतात, म्हणून लोक गादी आणखी निरखून बघतात. लाओकोऑनच्या प्राचीन पुतळ्याला नंतर लावलेला सरळ हात चुकीचा ठरला तेव्हा काढून खरा, वाकलेला बसवला. लाज नाही वाटली कुणाला! तुम्हाला एक ओळ लिहायला काय होतं? 'नाक आणि डावा हात नंतरचे.' नाहीतर पाटीवर छोटं चित्र काढा, जुनं करड्या रंगात, नवं पांढरं. एवढे पैसे घेता आणि लोकांना मूर्ख समजता?

ग्रुपवर काकू अजून विचारतेय, एवढं जुनं नाक इतकं गुळगुळीत कसं राहिलं म्हणून.