'शेजारी बोट होती, मग त्यात काय?' या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही वय ७१ लिहिलंय म्हणून काका म्हणतेय.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण तेव्हा डोकं तापलेलं होतं म्हणून मुद्दाम दोन दिवस जाऊ दिले. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहिते. धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत समुद्रातून पोहत जायच्या माझ्या प्रयत्नावर मी मागचा लेख लिहिला होता, त्यावरची ही प्रतिक्रिया. एक म्हणजे लेखाचं नाव 'धरमतर ते गेटवे' आणि बाई गेटवेला पोचल्याच नाहीत, ही वाचकांची फसवणूक आहे. दुसरं, शेजारी बोट, दर अर्ध्या तासाला खाणंपिणं, याला पोहणं म्हणायचं का, आम्ही मुठेच्या पुरात लकडी पुलावरून उड्या मारायचो तेव्हा कुणी बोट आणली नव्हती. आणि तिसरं, असलं वाचून पोरं खडकवासल्यात उतरतात आणि जीव गमावतात, त्याची जबाबदारी कोण घेणार.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

त्या लेखात सरावाचा एक फोटो होता, पहाटेचं धुकं, शांत पाणी, आणि खाली मी लिहिलं होतं 'पाणी बोलावतं, आपण फक्त उतरायचं'. तो फोटो मुळशीकडच्या एका खाजगी तळ्याचा होता, मालकाला विचारून, सोबत कायाकवर एक जण आणि माझ्या कमरेला केशरी फुगा बांधलेला, पण फोटोत यातलं काहीच दिसत नव्हतं आणि मी लिहिलंही नव्हतं. बघणाऱ्याला ते कुठलंही धरण वाटणार. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो फोटो आणि ती ओळ दोन्ही काढून टाकलंय. चूक माझी होती, आणि पुण्यात राहून ती चूक करायला नको होती कारण दर उन्हाळ्यात आपण त्याच बातम्या वाचतो.

खडकवासल्याचं पाणी शहराच्या पिण्याचं, तिथे उतरायला मनाई आहे हे सगळ्यांना माहितेय, पण तिथलं पाणी का घात करतं हे कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे सांगते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे समुद्रात अंग आपसूक थोडं वर राहतं, धरणात तेवढाही आधार नाही. काठाला दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही, असं होतं. खाली गाळ असतो, पाय रुतला की माणूस घाबरून जोर करतो आणि अजून रुततो. वरचं पाणी कोमट लागतं म्हणून पोरं आत जातात, थोडं खोल गेलं की एकदम गार, छातीत धस्स होतं, श्वास ओढला जातो आणि त्या एका श्वासात पाणी जातं. त्यात जीन्स घातलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक बुडतोय बघून दुसरा उडी मारतो, त्याच्यामागे तिसरा. कुणी बुडताना दिसलं तर कृपा करून उडी मारू नका, ओढणी फेका, दोरी फेका, झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका, आडवं झोपून काठी पुढे करा, आणि जोरात ओरडून माणसं गोळा करा. हे मी त्या लेखात पहिल्या परिच्छेदात लिहायला हवं होतं, आता लिहिलंय.

आता बोटीचं.

काका, माझे आजोबाही मुठेतच शिकले, पाठीला डबा बांधून. त्यांच्याकडून पुराच्या पाण्यातल्या उड्यांच्या गोष्टी ऐकत मोठी झाले त्यामुळे तुमच्या त्या दिवसांबद्दल मला खरंच आदर आहे. पण आजोबांच्याच गोष्टीत काठावर एक वस्ताद बसलेले असायचे, शेजारी हवा भरलेली ट्यूब ठेवून, आणि कोण किती वेळ पाण्याखाली आहे हे ते मोजत असायचे. तुमच्याही वेळी काठावर कुणीतरी असणारच. आमचा काठ ३६ किलोमीटर लांब असतो म्हणून तो माणूस बोटीत बसतो, एवढाच फरक आहे.

आणि बोट सोबत ठेवणं हे आजकालचं काही नाही. कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून गेला, त्याच्याही सोबत बोटी होत्या आणि बोटीवरूनच त्याला खायला प्यायला दिलं जात होतं, तरी पाण्यात पावणेबावीस तास होता तो. आपल्या पुण्याच्या रोहन मोरेंनी २०१८ मध्ये न्यूझीलंडमधली कुकची सामुद्रधुनी पार करून 'ओशन्स सेव्हन' म्हणतात त्या सातही खाड्या-सामुद्रधुन्या पूर्ण केल्या, असं करणारे ते पहिले आशियाई, त्यांच्याही शेजारी बोट होतीच. नियमच तसा आहे. बोट असलीच पाहिजे, त्यावर निरीक्षक असलाच पाहिजे, आणि तिला हात लावायचा नाही. बोट सोडा, बोटीतल्या माणसालाही हात लावायचा नाही. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, एक गॉगल, आणि घासलं जातं तिथे म्हणजे काखेत, मानेला, खांद्याच्या पट्टीखाली चोपडलेलं व्हॅसलीन, बस.

खाणंपिणं म्हणाल तर दोरीला बांधलेली बाटली पाण्यात फेकतात, मी उभ्याने पाय मारत ती पकडते, कोमट पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पावडर चार घोट, कधी अर्धं केळं, की बाटली सोडून द्यायची. पाऊण मिनिटाच्या वर थांबायचं नाही कारण तेवढ्यात प्रवाह तुम्हाला वाहवत नेतो. सहा तासांनंतर खारट पाण्याने जीभ आणि घसा इतका सोलवटतो की केळं गिळताना डोळ्यात पाणी येतं. ज्या बोटीत नवरा बसलाय, टॉवेल आहे, गरम चहाचा थर्मास आहे, ती दोन हातांवर नऊ तास सोबत चालते आणि तिला शिवायचं नाही. बोटीमुळे सगळं सोपं होतं असं तुम्ही लिहिलंय, मला पाण्यात ते तसं वाटलं नाही.

आता पहिला मुद्दा, गेटवेला पोचले नाही. हो, नाही पोचले. लेखाचं नाव बदलून आता 'धरमतरहून गेटवेच्या दिशेने' केलंय, तेही तुमचं ऐकून. पण त्या दिवशी काय झालं ते मागच्या लेखात मी दोन ओळींत उरकलं होतं कारण लिहायची हिंमत नव्हती, ते आज लिहिते.

आम्ही पौषातली चतुर्थी धरली होती. आमचे नाखवा तिथीवरून वेळ काढतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, चतुर्थी म्हणजे तीन, म्हणजे पहाटे तीनला बाहेर पूर्ण भरती आणि आत खाडीत थोडी उशिरा. साडेतीनला मी पाण्यात उतरले, टोपीला ग्लो स्टिक लावून. ओहोटी साधारण सहा तास मिळते, तेवढ्या वेळात खाडीतून बाहेर पडून जास्तीत जास्त अंतर कापायचं असा हिशोब, कारण त्यानंतर पाणी फिरतं. अंधारात दर हाताला पाण्यात हिरवट ठिणग्या उठत होत्या, तो एक तास मी कधी विसरणार नाही. उजाडेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, मिनिटाला ६२ हात, माझे प्रशिक्षक, म्हणजे सर, बोटीतून फळ्यावर आकडा लिहून दाखवत होते.

मग ओहोटी संपायच्या आधीच वारा समोरून सुटला आणि आमचा वेग पडला. पावणेदहाला पाणी फिरलं तेव्हा जिथे असायला हवं होतं तिथून आम्ही दीडेक किलोमीटर मागे होतो. पुढचे दोन-अडीच तास मी पोहत होते आणि मला वाटत होतं की छान चाललंय. पूलमध्ये पन्नास मीटरला भिंत येते, ढकलून पुढे जाता येतं, दर लेंग्थला कळतं किती झालं. ३६ किलोमीटर म्हणजे अशा ७२० लेंग्थ, पण समुद्रात ना भिंत ना तळाची काळी रेघ, दर दहा-बारा हातांनी मगरीसारखे डोळे वर काढून समोरची खूण बघायची एवढंच हातात. माझी खूण होती गेटवेसमोरच्या ताज हॉटेलचा घुमट. आणि प्रत्येक वेळी डोळे वर काढले की तो घुमट थोडा अजून डावीकडे सरकलेला. पाणी मला घारापुरीच्या बाजूला घेऊन चाललं होतं.

साडेबाराला सर ओरडले, आता अर्धा तास सगळं लाव. मी ७० हातांवर गेले. त्या अर्ध्या तासात मी जितकी जोरात पोहलेय तितकी आयुष्यात कधी पोहले नाही, आणि त्या अर्ध्या तासात जीपीएसवर आम्ही गेटवेच्या दिशेने दोनशे मीटर सरकलो. गेटवे तेव्हा साधारण चार किलोमीटर राहिलं होतं.

सरांनी मला थांबवलं आणि विचारलं, आज वार कोणता. सांगितला. मुलीचं नाव काय, सांगितलं. घरचा पिनकोड काय? काका, सतरा वर्षं त्या घरात राहतेय, मला ४११ च्या पुढे काहीच आठवेना. आणि मला त्यात काही विशेष वाटलंही नाही, मी म्हटलं आठवेल नंतर, जाऊ द्या, आणि पुन्हा हात मारायला लागले. हे मला आठवत नाही, हे नवऱ्याने नंतर सांगितलं. निरीक्षकांनी सरांकडे बघितलं, सर पुढे वाकले आणि म्हणाले, हात दे. मी नाही म्हटलं. ते परत म्हणाले, हात दे. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी हात दिला. ९ तास ४० मिनिटं.

तुम्ही विचारलंत ना बोटीचा उपयोग काय, तर हा. त्या क्षणी माझं मला काहीच कळत नव्हतं, थकले हे कळत नव्हतं, गार पडतेय हे कळत नव्हतं, मी अजून पोहत राहिले असते आणि मला ते धाडस वाटलं असतं. बाहेर काढल्यावर दोन ब्लँकेटं घालूनही पाऊण तास दात वाजत होते, पाणी २५-२६ डिग्री असूनसुद्धा, कारण पाणी अंगातली उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं आणि मी तर पोटात काही टिकत नव्हतं अशा अवस्थेत होते. त्या दिवशी माझ्यासाठी निर्णय घेणारी माणसं दोन हातांवर होती.

आरती साहा १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीत उतरल्या, किनारा काही मैलांवर आला असताना प्रवाह उलटा लागला आणि त्यांनाही बाहेर यावं लागलं. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला त्या पुन्हा गेल्या, १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली, ती पार करणारी पहिली आशियाई स्त्री. मी माझी तुलना त्यांच्याशी करत नाहीये, तेवढी माझी पात्रता नाही, मी नोकरी सांभाळून छत्तिसाव्या वर्षी टँकवर पाण्यात तोंड घालायला शिकलेली बाई आहे. पण पहिल्या वेळचं त्यांचं पोहणं कुणी पोहणं नव्हतं म्हणेल का? मी म्हणणार नाही.

पुन्हा जाणार का असं खाली एकीने विचारलंय. हो, पुढच्या वर्षी, आणि या वेळी वाऱ्यासाठी हातात तासभर जास्त ठेवून.

आणि काका, तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक ओळ होती जी बाकी कुणाच्या लक्षात आली नसेल. तुम्ही लिहिलंय की अजूनही पद्मासन घालून पाठीवर अर्धा तास तरंगता. आमच्या टँकवर रविवारी सकाळी चौदा मुलं येतात, फ्रीस्टाइलची सगळ्यांना घाई, टायमिंग सगळ्यांना तोंडपाठ, पण काही न करता पाण्यावर नुसतं पडून राहणं त्यातल्या एकालाही येत नाही, मलाही दहा मिनिटांच्या वर जमत नाही. दम संपला, पेटका आला तर पहिल्यांदा तेच करायचं असतं. तुम्ही आम्हाला शिकवायला याल का? तुमचा ईमेल माझ्याकडे आलाय, वेळ कळवते. नाही म्हणायचं असेल तरी कळवा, पण शक्यतो या.