सुट्टीतलं अवांतर वाचन: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अकरावीतून बारावीत जाणाऱ्या मुलांनी मे महिन्यात अभ्यासाबरोबर रोज दोन तास अवांतर वाचन करावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "लोकांच्या मुलांच्या करिअरशी खेळू नका. एकदा कादंबरी हातात घेतली की पोरगं फिजिक्सला हात लावत नाही."

मतभेद असू द्या, पण 'खेळू नका' ही काय भाषा झाली? मी अकरावी-बारावीलाच शिकवतो. सीईटीत २० टक्के भार अकरावीचा असतो, नीटच्या १८० प्रश्नांत ९० बायोलॉजीचे असतात, हे मला ठाऊक नसल्यासारखं तुम्ही सुनावलंत. लेखात सकाळचे पाच तास अभ्यासालाच दिले होते. तेवढं तरी वाचायचं होतं.

एक मान्य. क्लासची बॅच सकाळी सात ते बारा असेल आणि घरी येऊन डीपीपी, म्हणजे क्लासने दिलेली रोजची सरावगणितं, सोडवायची असेल, तर दोन तास जमणार नाहीत. तिथे पाऊण तास पुरे.

आता तुमचं ते वाक्य. बऱ्याच घरांत असं होतं, पण दोष कादंबरीचा नसतो, ती उघडण्याच्या वेळेचा असतो. मुलं पन्नास मिनिटं गणितं सोडवतात आणि 'दहाच मिनिटं' म्हणून रहस्यकथा उघडतात. दहा मिनिटांनी गोष्ट ऐन रंगात आलेली असते. ती डोक्यात घोळत असताना फिजिक्सच्या रोटेशनल डायनॅमिक्स या धड्याला बसलं की पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरममध्ये अंतराचा वर्ग करायचाच राहतो, उत्तर चुकतं आणि मूल फिजिक्सवर वैतागतं. म्हणून दोन बैठकांच्या मध्ये पुस्तक नको. पाणी प्यावं, गच्चीवर एक फेरी मारावी.

वाचन अभ्यास आटोपल्यावर करावं, आणि तेही पुढे थांबवणारं काहीतरी असेल अशा वेळी. संध्याकाळी सातपासून जेवणाची हाक येईपर्यंत, ही उत्तम वेळ. थांबायचं प्रकरणाच्या मध्येच, परिच्छेद संपला की. प्रकरणाच्या शेवटी लेखकाने उत्सुकता मुद्दाम ताणलेली असते, तिथून उठवत नाही. रात्री अंथरुणात तर नकोच, कारण एक कधी वाजतो कळत नाही आणि सकाळी सहाची बैठक बुडते. मोबाईलवरची पीडीएफ मुळीच नको.

वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक आणा, दीड-दोनशे पानांचं. तासाला तीस-चाळीस पानं धरली तर आठवड्याच्या आत संपतं. कथासंग्रह सगळ्यात सोयीचा. पाचशे पानी कादंबरी अर्धवट राहते आणि मग जूनमध्ये लेक्चर चालू असताना बाकाखाली उघडली जाते.

आणि फिजिक्सला हात लागत नसेल तर आधी अभ्यास कसा चाललाय ते बघा. पाच तास हायलायटर फिरवत बसलेलं मूल कंटाळणारच. टॉपिक वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तोच कागद दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा न बघता लिहायचा.

शेजारच्या मुलाची रँक, कोटा शहरात क्लासला गेलेली मुलं वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर मी काही लिहिणार नाही. घरातलं पुस्तक हिसकावून घेण्याआधी ते दिवसात किती वाजता उघडलं जातं, याची चार दिवस वहीत नोंद करा. मग जरूर लिहा, पण जरा नीट भाषेत.