रुग्णालयातला न्यूमोनिया एसीच्या गारठ्याने होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे: ‘दवाखान्यात न्यूमोनिया होतो तो एसीमुळे. पेशंटला पांघरून झोपवून ठेवा. व्हेंटिलेटर नसेल तर घाबरू नका. पहिल्याच दिवशी भारी अँटिबायोटिक सुरू करायला लावा.’

एसीमुळे? दाखल होताना नसलेला, 48 तास उलटल्यावर सुरू झालेला न्यूमोनिया तो रुग्णालयातला. त्याचे जंतू बहुतेकदा रुग्णाच्याच तोंडातून येतात. गंभीर आजारात थोड्याच दिवसांत घशात क्लेब्सिएला, स्युडोमोनास असे चिवट जंतू वस्ती करतात. रुग्ण गुंगीत असला, लकव्यामुळे नीट गिळता येत नसलं, की ती लाळ थेंबाथेंबाने श्वासनळीत उतरते. एसी यंत्रणेच्या पाण्यातून लीजनेला हा न्यूमोनियाचा जंतू पसरू शकतो हे खरं. पण तिथेही दोष दूषित पाण्याचा, गारठ्याचा नाही.

झोपवून ठेवा? सगळ्यात घातक सल्ला हाच. उताण्या रुग्णाला चमच्याने पेज भरवली की ती फुफ्फुसात जाऊ शकते. डॉक्टरांची हरकत नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवा, नाकातल्या नळीने अन्न देतानाही. तोंडाने भरवताना नीट बसवा आणि एक घोट गिळल्यावरच दुसरा द्या. ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला तर थांबा, सिस्टरना सांगा. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा; शुद्ध नसेल तर हे काम सिस्टरनीच करावं, कारण पाणी लगेच ओढून घ्यावं लागतं. रात्री कवळी काढा. ऑपरेशननंतर दुखणं सहन करायला लावू नका: टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि कफ आत साचतो. परवानगी मिळताच खुर्चीत बसवा, चालवा.

व्हेंटिलेटर नसेल तर? एकेका रुग्णाचा धोका व्हेंटिलेटरवर जास्त, हे बरोबर. पण साध्या वॉर्डात रुग्णच कितीतरी जास्त असतात. अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत अशा न्यूमोनियाचे निम्म्याहून अधिक रुग्ण व्हेंटिलेटरवर नव्हते.

आधीच अँटिबायोटिक? त्याने साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात. पुढे न्यूमोनिया झालाच तर उपचार अवघड होतो. ताप, पिवळा-हिरवा कफ, घसरता ऑक्सिजन, एक्स-रेत नवा डाग दिसला की मात्र उशीर नको. शक्यतो पहिल्या डोसआधी कफाचा नमुना तपासणीला जावा. कोर्स साधारण 7 दिवसांचा असतो. म्हाताऱ्या माणसांना ताप न येता नुसतं असंबद्ध बोलणं किंवा वाढलेला श्वास एवढंच दिसू शकतं. तेही लगेच डॉक्टरांना सांगा.