आदामापासून मोशेपर्यंत आठवण पोचली कशी?

आदामाने मथुशलहाला सांगितलं, मथुशलहाने शेमाला, शेमाने इसहाक-याकोबाला, पुढे लेवी, कहाथ, अम्राम आणि मग मोशे. जेमतेम सात-आठ तोंडांतून सृष्टीची हकीकत मोशेपर्यंत आली, म्हणून ती बिनचूक. हा हिशेब प्रवचनांत ऐकू येतो, संडे स्कूलच्या वर्गात शिकवला जातो आणि रंगीत तक्त्यासकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. माझं स्पष्ट मत आहे की ही साखळी शिकवणं थांबवावं. पवित्र शास्त्राने आठवण जपण्याचे जे खरे मार्ग वापरले, ते या तक्त्यामुळे झाकले जातात.

आधी बेरीज पाहू. उत्पत्ती ५ आणि ११ मधली वयं जोडत गेलं, तर आदाम सृष्टीपासून ९३० व्या वर्षी वारला. मथुशलहाचा जन्म ६८७ व्या वर्षी, म्हणजे दोघं २४३ वर्षं एकाच काळात जगले. शेम १५५८ साली जन्मला. जलप्रलय १६५६ साली आला आणि त्याच वर्षी मथुशलह ९६९ वर्षांचा होऊन गेला, म्हणजे शेमाला तो ९८ वर्षं लाभला. प्रलयानंतर २९२ वर्षांनी अब्राहाम जन्मला, आणि शेम वारला प्रलयानंतर ५०२ व्या वर्षी. तेव्हा इसहाक ११० वर्षांचा आणि याकोब ५० वर्षांचा होता. बेरीज चोख आहे.

पण हे आकडे मासोरेती हिब्रू पाठातले, म्हणजे यहूदी लेखनिकांनी जपलेल्या परंपरागत पाठातले आहेत. आपलं मराठी बायबल त्यावरून आलं, म्हणून आपल्याला तेवढेच माहीत असतात. जुन्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, बहुतेक पूर्वजांचं पहिला मुलगा होतानाचं वय १०० वर्षांनी जास्त आहे. तिथे प्रलय २२४२ साली येतो (काही हस्तलिखितांत २२६२). ज्या हस्तलिखितांत २२४२ येतं, त्यांत मथुशलह प्रलयानंतरही १४ वर्षं जिवंत राहतो. तारवात तर आठच माणसं होती! ही अडचण जुन्या ख्रिस्ती विद्वानांनाही जाचली होती. शोमरोनी पंचग्रंथात (शोमरोनी लोकांनी जपलेल्या मोशेच्या पाच ग्रंथांत) प्रलय १३०७ साली येतो, आणि यारेद, मथुशलह व लामेख तिघंही त्याच वर्षी मरतात. ग्रीक पाठात तर मथुशलहाच्या जन्माआधीच आदाम वारलेला असतो, म्हणजे पहिलीच कडी तुटते. पुढच्या टप्प्यात साखळी दोन्ही पाठांत तुटते. शोमरोनी पाठात प्रलयापासून अब्राहामापर्यंत ९४२ वर्षं आहेत, ग्रीक पाठात हजाराच्या वर. शेम मात्र ५०२ व्या वर्षीच वारलेला. अब्राहामाची आणि त्याची गाठ पडणंच शक्य नाही. मूळ आकडे कोणते यावर विद्वानांचा वाद चालू आहे, आणि ज्या दाव्याचा पाया तीनपैकी एकाच पाठात आहे त्यावर अख्खी इमारत उभारू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शेमाने अब्राहामाला काही सांगितलं, असं उत्पत्तीत एका ओळीतही नाही. उलट यहोशवा २४:२ मध्ये स्वच्छ लिहिलंय की अब्राहामाचा बाप तेरह आणि त्याचे पूर्वज नदीपलीकडे अन्य देवांची सेवा करत होते. प्रलय डोळ्यांनी पाहिलेला शेम घरात पणजोबांचा पणजोबा म्हणून बसलेला असताना हे घडलं, असं मानावं लागेल. वचन जे सांगत नाही ते तक्ता सांगतो.

शेवटची कडी पाहा. लेवी, कहाथ, अम्राम, मोशे ही यादी निर्गम ६ मध्ये आहे. कहाथ याकोबाबरोबरच मिसरात आला (उत्पत्ती ४६:११). तो १३३ वर्षं जगला, अम्राम १३७, आणि मिसर सोडताना मोशे ८० वर्षांचा होता. बापाच्या मरणाच्या वर्षीच मुलगा जन्मला असं धरून सगळं जोडलं तरी ३५० वर्षं होतात, आणि निर्गम १२:४० मुक्काम ४३० वर्षांचा सांगतं. (ग्रीक आणि शोमरोनी पाठ त्या ४३० मध्ये कनानातला काळही धरतात. त्याने ही वजाबाकी सुटते, पुढची सुटत नाही.) गणना ३:२७-२८ प्रमाणे मोशेच्याच हयातीत कहाथाच्या चार कुळांत एक महिन्यावरचे पुरुष ८,६०० होते. कहाथ मोशेचा सख्खा आजोबा असेल, तर हे सगळे मोशेचे काका, चुलतभाऊ आणि त्यांची पोरं ठरतात. जमणार नाही. तिकडे १ इतिहास ७ मध्ये एफ्राइमापासून यहोशवापर्यंत दहाच्या आसपास पिढ्या आहेत, आणि यहोशवा तर मोशेचा सेवक.

याचा अर्थ वंशावळी खोट्या असा मुळीच नाही. त्या गाळून लिहिलेल्या आहेत, आणि तशी पद्धतच होती. एज्रा ७ मधली एज्राची वंशावळ १ इतिहास ६ शेजारी ठेवून बोटाने ओळी मोजा. मरायोथ आणि अजऱ्या यांच्यामधली सहा नावं एज्राच्या यादीत नाहीत. मत्तय १:८ मध्ये योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे नाहीत, कारण त्याला १४-१४-१४ अशी मांडणी हवी होती. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराणं यात्रेला येईल तशी पिढीमागून पिढी नोंदली जाते. इस्राएलाच्या वंशावळीचं काम वेगळं होतं. ती हक्क सिद्ध करायची: जमिनीचा, वेदीपाशी उभं राहण्याचा. एज्रा २:६२ मध्ये ज्या याजकांना आपली नोंद सापडली नाही त्यांना याजकपणातून काढलं, तेव्हा नोंदी होत्या आणि तपासल्याही जात. पण हक्क सिद्ध करायला मूळ पुरुष, कुळ आणि घराणं एवढं पुरतं. मधली नावं गळली तरी हक्काला धक्का लागत नाही. म्हणून वंशावळीवर क्रमासाठी भरवसा ठेवा. वर्षं मोजायची पट्टी म्हणून ती वापरलीत तर फसाल.

तोंडी परंपरेचा अभ्यास करणारे एक गोष्ट सांगतात. मध्य आफ्रिकेतल्या समाजांवर काम केलेल्या यान व्हान्सिना या इतिहासकाराने ती नेमकी मांडली: लोकांना आरंभाबद्दल पुष्कळ आठवतं, अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांबद्दलही पुष्कळ आठवतं, मधला काळ मात्र विरळ असतो. उत्पत्ती ५० आणि निर्गम १ यांच्यामधला सांधा पाहा. योसेफ वारला, लोक वाढले, योसेफाला न ओळखणारा नवा राजा आला. शेकडो वर्षं दहा ओळींत संपली. त्या आधी अब्राहामाची विहीर, सारेची कबर आणि तिची किंमत (४०० शेकेल चांदी), याकोबाचा तांबडा वरणाचा वाडगा, सगळं तपशिलाने आलेलं. मला हा सांधा प्रामाणिकपणाची खूण वाटतो. ज्याला कहाणी रचायची असती त्याने ही पोकळी भरली असती.

मग भर कशावर होता? सगळ्यांत चिवट ठरलं ते गाणं. शास्ते ४ आणि शास्ते ५ समोरासमोर ठेवून वाचा. लढाई एकच, दबोरा आणि बाराकाची. चौथ्या अध्यायातल्या गद्यात बाराक जबुलून आणि नफताली या दोनच वंशांना बोलावतो. पाचव्या अध्यायातल्या गाण्यात एफ्राइम, बन्यामीन, माखीर आणि इस्साखारही येतात, तर रऊबेन, गिलाद, दान आणि आशेर यांना न आल्याबद्दल बोल लावला जातो. मनश्शेच्या जागी माखीर आहे, गादाच्या जागी गिलाद. यहूदाचं तर नावच नाही! पुढे दावीदाच्या काळापासून यहूदा एवढा मोठा झाला, तरी कुणी गाण्यात त्याचं नाव घुसवलं नाही. चालीत आणि जोडओळींत बांधलेला शब्द बदलायला गेलं की ओळ मोडते, म्हणून गाणं जुनं रूप धरून ठेवतं. या गाण्याचं हिब्रू जुन्या करारातल्या सर्वांत जुन्या हिब्रूंपैकी मानलं जातं. गाण्याची उणीवही तिथेच दिसते. कोण कुठून आलं, आधी काय घडलं, हे गाणं सांगत नाही. ते माहीत आहे असं धरून चालतं. त्यासाठी शेजारी गद्य लागतं.

गणना २१:१४ मधला तुकडा तर विलक्षण आहे. ‘परमेश्वराचे संग्राम’ नावाच्या ग्रंथातून घेतलेली एक ओळ, सुफातलं वाहेब आणि आर्णोनाची खोरी. तिला धड क्रियापद नाही, वाहेब कुठे ते सांगता येत नाही, भाषांतरकार तिथे अडखळतातच. अर्थ हातचा गेला तरी लेखनिकांनी ओळ सोडली नाही.

जागेची आठवण याउलट सैल असते. यहोशवा ४ मध्ये गिलगालात बारा धोंडे उभे केले, का तर मुलं विचारतील ‘हे कशाला?’ आणि मग सांगता येईल. पद्धत उत्तम, कारण प्रश्न मुलाच्या तोंडून येतो. पण जागेला एकाहून जास्त कहाण्या चिकटतात. बैर-शेबा हे नाव उत्पत्ती २१ मध्ये अब्राहाम देतो आणि २६ मध्ये इसहाक, दोन्ही वेळा समोर अबीमलेखच. बेथेलला याकोब दोनदा नाव देतो, अध्याय २८ आणि ३५. जागा घटना जपते. घटना कोणाची आणि केव्हाची हे तिच्याकडून घसरतं.

विधीची ताकद निराळीच. निर्गम १२:२६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री मुलाने विचारायचं, बापाने सांगायचं. अनुवाद २६ मध्ये प्रथमफळांची टोपली याजकापुढे ठेवताना शेतकऱ्याने ठरलेले शब्द म्हणायचे: माझा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात गेला. पाच ओवींत याकोबापासून वचनदत्त देशापर्यंतचा इतिहास बसवलाय, आणि तो दरवर्षी प्रत्येक घरधन्याच्या तोंडी. अनुवाद ३१:१०-११ प्रमाणे दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात सगळ्या लोकांपुढे नियमशास्त्र वाचायचं. म्हणजे घरात थोडक्यात तोंडपाठ, आणि सात वर्षांनी लेखी प्रतीशी मेळ.

लेखी प्रत नसेल तर काय उरतं, याचं उत्तर आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहूदी, यांच्या परंपरेप्रमाणे नवगावजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले. पुढे अलिबाग-पेण भागात ते तेलाचे घाणे चालवत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ झाले. दावीद राहबी नावाच्या यहूद्याने त्यांना ओळखलं तेव्हा त्यांच्याकडे हिब्रू वाचन नव्हतं. शब्बाथ होता, आठव्या दिवसाची सुंता होती, खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य होता, आणि ‘शेमा इस्राएल’ (हे इस्राएला, ऐक) ही ओळ होती, जी प्रत्येक प्रसंगी म्हटली जायची. अंगाने करायच्या गोष्टी टिकल्या आणि एक छोटी ओळ टिकली. लांब कथनं, राजांचे क्रम, संदेष्ट्यांची वचनं ग्रंथाशिवाय टिकली नाहीत. ती परत आली ती पुस्तकांतून, मराठीतून. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची सचित्र हग्गादा (त्या रात्री वाचायची पोथी) मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि त्या शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर बेने इस्राएलांची मराठी कीर्तनं रंगू लागली.

छोटी ओळही कशी झिजते ते चांदीच्या पत्र्यावर दिसतं. १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या कबरींत गाब्रिएल बारकाई यांच्या पथकाला चांदीच्या दोन गुंडाळ्या मिळाल्या. उलगडल्यावर मोठी जेमतेम ९७ मिलिमीटर लांब आणि २७ रुंद, धाकटी ३९ बाय ११. दोन्हींवर गणना ६ मधला याजकीय आशीर्वाद कोरलाय. अक्षरांवरून काळ इ.स.पू. ७ व्या शतकाची अखेर ते ६ व्या शतकाची सुरुवात. मृत समुद्राकाठी सापडलेल्या बायबलच्या जुन्या हस्तलिखितांपेक्षा चारेकशे वर्षं जुना. धाकट्या पत्र्यावर मात्र मधले शब्द गाळून थेट ‘तुला शांती देवो’ येतं. पाठ तोच, लांबी पत्र्याच्या मापाने.

लेखन किती जुनं, याबद्दल एक नाव हमखास निघतं: पी. जे. वाइझमन. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की उत्पत्तीत ‘अमक्याची वंशावळी ही’ असं जे अकरा वेळा येतं, ती मातीच्या पाट्यांखालची सही आहे. आदाम, नोहा, शेम यांनी स्वतः पाट्या लिहिल्या. ऐकायला मोहक आहे, पण मला पटत नाही. सूत्र शेवटची सही धरलं तर ११:२७ नंतरची अब्राहामाची कहाणी २५:१२ पाशी इश्माएलाच्या नावावर जाते, आणि योसेफाची कोणाच्याच नाही. तेच सूत्र मथळा धरलं की सरळ बसतं: तेरहाच्या नावाखाली त्याच्या मुलाची, अब्राहामाची कहाणी, याकोबाच्या नावाखाली योसेफाची.

लेखनिकांचा हात दुसरीकडे दिसतो, आणि तो फार आश्वासक आहे. उत्पत्ती १४ मध्ये ‘बेला (म्हणजे सोअर)’, २३ मध्ये ‘किर्याथ-आर्बा (म्हणजे हेब्रोन)’. जुनं नाव खोडलं नाही, शेजारी नवं ठेवलं. कधी मात्र नवंच नाव बसलंय. १४:१४ मध्ये अब्राम दानापर्यंत पाठलाग करतो, पण त्या गावाचं नाव लईश होतं आणि दान हे नाव शास्ते १८:२९ मध्ये पडलं. आणि गैरसोयीच्या गोष्टी? सारा अब्राहामाची सावत्र बहीण, लेवीय १८:९ ला असं लग्न मान्य नाही. याकोबाने सख्ख्या बहिणी एकत्र नांदवल्या, लेवीय १८:१८ ला तेही नाही. बेथेलात त्याने दगडी स्तंभ उभारून तेल ओतलं, अनुवाद १६:२२ म्हणतं स्तंभ उभारू नका. नियम माहीत असलेल्या लोकांनीच या कहाण्या उतरवून घेतल्या आणि पूर्वजांना नियमात बसवायला त्या दुरुस्त केल्या नाहीत. आठवण जशी मिळाली तशी पुढे दिली गेली, याचा माझ्या मते याहून भक्कम पुरावा नाही.

संडे स्कूलच्या आणि बायबल वर्गाच्या शिक्षकांना विनंती: आयुष्यांचा तक्ता भिंतीवर हवाच असेल, तर तीन रकाने करा, मासोरेती, ग्रीक आणि शोमरोनी, आणि मुलांना बेरीज स्वतः करू द्या. पुढच्या रविवारी शास्ते ४ आणि ५ मधल्या वंशांच्या दोन याद्या काढायला सांगा. त्यानंतर गणना ३:२८ घ्या. दहावीच्या मुलांना हे तिन्ही धडे झेपतात.