मागची अर्धी

आमच्या जीपची वाटणी श्रावणातल्या एका शनिवारी झाली. वकील नाही, पंच नाहीत, नुसता चहा होता. पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेतून आलेला कायदा गोव्यात अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची अर्धी-अर्धी. एरवी हा कायदा आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "जीपचं मागचं डिफरन्शियल मी घरीच बदलतो," आणि बायकोने कप खाली ठेवला.

"जीप अर्धी माझी ना? मग पुढची अर्धी मी घेतली. तिला हात लावायचा नाही. मागे काय ते करा."

जीप मामाची. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायला डांबरी रस्ता संपल्यावर ओहळ आहे आणि ओहळानंतर चढ. पावसात तो चढ चारही चाकांनी खेचल्याशिवाय चढता येत नाही, म्हणून ही फोर-व्हील-ड्राइव्ह. मामा ती चालवायचा तेव्हा ती मुकाट चालायची. माझ्याकडे आल्यावर तिला वाचा फुटली. वेग चाळीसच्या वर गेला की मागून घूंऽऽ असा घुमणारा आवाज, आणि गिअर बदलला की 'खट्'. मुलगा म्हणाला, "बाबा, चवथीला महिना आहे अजून. ही आत्ताच घुमटआरतीची तालीम करते." घुमट म्हणजे आमच्याकडे गणेशचतुर्थीच्या आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य.

डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीचं, खालचं बूच उघडून तेल काढलं. गिअर ऑईल मधासारखं यायला हवं. आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं, आणि त्यात चांदीचा वर्ख तरंगत होता. मागचं झाकण काढल्यावर वर्ख कुठून आला तेही दिसलं. क्राऊनच्या, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, 43 दातांपैकी दोन पडलेले आणि बाकीचे त्या वाटेवर.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. डिफरन्शियलच्या वर श्वास घ्यायला एक बोंडाएवढी नळी असते. त्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. तापलेलं डिफरन्शियल ओहळाच्या गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढू बघते. नळी बंद, म्हणून ते सीलच्या फटीतून पाणी ओढत राहिलं. पूर्ण आषाढभर. इतक्या किरकोळ जागेवर अतिक्रमण करून इतकं नुकसान करणारा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही, आणि मी भावकीत राहतो.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मी बायकोला त्या चहाच्या वेळीच समजावलं होतं. चोर्ला घाटाचं वळण घे. बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासत जाणार. म्हणून मध्ये ही गिअरची पेटी. एकाला जास्त फिरू द्यायचं, दुसऱ्याला कमी, आणि तरी जोर दोघांना सारखा. 1827 साली एका फ्रेंच माणसाने हे काढलं. ती म्हणाली, "एकाला जास्त फिरू द्यायचं, दुसऱ्याला कमी. फ्रान्सला कशाला जायला पाहिजे?"

गावातल्या मेकॅनिककडे मी आधी गेलो होतो, हे तिला ठाऊक आहे. तो कामाला नाही म्हणत नाही. तो 'फाल्यां' म्हणतो. चार आठवडे मी त्याचा उद्या ऐकला. शेवटी त्याने एक खरी गोष्ट सांगितली. नवा क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक, पिनियन, घरी बसवायच्या फंदात पडू नका. दातांमधली ढिलाई मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी ठेवावी लागते, त्याला डायल गेज लागतो. (जुने कारागीर दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासून दात कुठे टेकतात ते बघायचे, असं तो म्हणाला. म्हणजे मारुतीचा आणि मोटारीचा शेंदूर एकच.) तेव्हा जुनं पण चांगलं हाऊसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं कवच, सगळंच्या सगळं आणा, एक्सलसकट, आणि आख्खं बदला.

ते मिळालं बेळगावात, एका भंगारवाल्याकडे. इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि मी शाळेत गणित शिकवतो म्हणून ती जास्त जड जाते.

आमच्या क्राऊनला 43 दात, पिनियनला 8. म्हणजे पिनियनचे 5.38 फेरे झाले की चाकाचा एक. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचं आणि मागचं हे प्रमाण तंतोतंत एकच असावं लागतं. भंगारात पडलेल्या एक्सलचं ते मोजायची युक्ती सोपी आहे. एक टोक अडवलं की दुसरं टोक दुपटीने फिरतं. म्हणून भंगारवाल्याच्या पोऱ्याने एका टोकावर पाय दिला, मी पिनियन हाताने फिरवत दुसरं टोक पाहत राहिलो. त्याचा एक फेरा पुरा झाला तेव्हा पिनियनचे झाले अडीचच्या आसपास. अडीचला जरा कमी की जरा जास्त? पाऊस चालू होता, पोऱ्याला जेवायला जायचं होतं, भाव उतरला होता. मी जास्तच्या बाजूने कौल दिला. दुप्पट केले. साधारण साडेपाचच्या आत. आमचंच! दहा फेरे मोजून भागाकार करावा, चूक दहा पटीने कमी होते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.

गोव्याची भाजी बेळगावहून येते, तशीच ही भाजी आली. पहाटे भाजीच्या टेंपोतून कोबी आणि हिरव्या मिरच्यांच्या पोत्यांखालून हाऊसिंग आमच्या दारात उतरलं. पुढे दोन दिवस त्याला मिरचीचा वास होता. तो सुखाचा काळ होता, हे नंतर कळलं.

जीप उचलायला शेजारच्या आबांनी जांभ्याचे चिरे सुचवले. "चिऱ्यावर घर उभं राहतं, जीप राहणार नाही?" ऐकायला बिनतोड वाटलं. पण घर कुणी पाना लावून हलवत नाही, आणि आमचे चिरे जून महिन्यापासून पाणी पीत अंगणात पडलेले. जीप वर गेली, मागची चाकं निघाली, आणि मी वाकणार तोच डावा चिरा बिस्किटासारखा फुटला. काढलेलं चाक मी चॅसीखाली सरकवून ठेवलं होतं म्हणून जीप चाकावर बसली आणि मी हा लेख लिहितो आहे. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने देवापुढची समई लावली. दुपारचे दोन वाजले होते. त्यानंतर मेकॅनिककडून लोखंडी घोडे भाड्याने आणले. ते त्याने त्याच दिवशी दिले, फाल्यां नाही.

आता नट. मागचं एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना चार यू-बोल्टांनी आवळलेलं असतं, एकूण आठ नट. गोव्यातला पाऊस, ओहळाचं पाणी आणि मामाचा निष्काळजीपणा यांनी ते आठही नट वेल्डिंग केल्यासारखे धरले होते. डिझेल ओतलं. रात्रभर ठेवलं. पान्याला कुळागरातल्या पंपाचा लोखंडी पाईप अडकवून मी आणि भाचा लोंबकळलो. पहिला नट फिरला, दुसरा फिरला, तिसऱ्याने पाना फिरवला. भाचा मोबाईलवर कुठल्या तरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघून सांगायचा, "मामा, हा म्हणतो वीस मिनिटांचं काम." त्या माणसाच्या देशात पाऊस पडत नसावा. उरलेले सहा हॅक्सॉने कापले. दोन रविवार.

प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट, शॉक ॲब्सॉर्बर, हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी हे सगळं त्यामानाने सभ्यपणे सुटलं. जुनं हाऊसिंग बाहेर ओढायला चौघे लागले आणि सल्ला द्यायला नऊ. नवं आत घालताना आकडे उलटे झाले पाहिजेत असं वाटतं, पण नऊचे अकरा झाले.

बसवल्यावर तेल भरायचं. इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. तेल भरायचं वरचं बूच उघडतं का, ते एक्सल गाडीखाली जाण्याआधी बघावं. आमचं उघडेना. गाडीखाली पाठीवर झोपून, नाकाच्या वर वीतभर अंतरावर हातोडा चालवायची कला मी पन्नाशीत शिकलो. बूच सुटलं तेव्हा आतलं भंगारवाल्याचं शिळं तेल माझ्या मानेवर उतरलं.

गिअर ऑईलमध्ये गंधकाची संयुगं असतात, दातांवरचा दाब सोसायला. ती दातांना सोडत नाहीत आणि माणसालाही. साबण, चिंच, राख, लिंबू, शिकेकाई, सगळं झालं. माझं ताट आठवडाभर बाहेरच्या सोप्यावर येत होतं. कुत्रा येऊन हुंगायचा आणि निघून जायचा.

ब्रेकमधली हवा काढायला मुलगा पेडलवर, मी खाली. "दाब! धर! सोड!" मी 'धर' म्हटलं की तो सोडायचा. शेवटी बायको येऊन बसली. ब्रेकचं पेडल पुढच्या अर्ध्यात येतं, तेव्हा परवानगीही तिचीच. पाच मिनिटांत काम झालं.

जीप रस्त्यावर आली. आवाज नाही, 'खट्' नाही. आणि पळते कशी! काटा चाळीसवर, झाडं मात्र भराभर मागे. मी खूष. काट्यापेक्षा झाडं खरं बोलतात, हा विचार तेव्हा शिवला नाही.

चवथीच्या दोन दिवस आधी आम्ही माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या मांडवीचं, सामान आणायला कुळागरात गेलो. सुपारीची शिपटं, कवंडळं, कांगलां, तोरिंग. ओहळ ओलांडला, चढ आला, मी चार चाकांचा दांडा ओढला. चिखल होता तोवर ठीक चाललं. पुढे कातळाचा पट्टा आला आणि जीप बेडकासारखी उड्या मारू लागली. स्टिअरिंग फिरेना. मागची चाकं ढकलतात, पुढची नको म्हणतात. दांडा मागे घ्यायला गेलो तर तोही अडकलेला. शेवटी रिव्हर्स घेतला तेव्हा 'धाड्' करून सुटला. माटोळी आम्ही डोक्यावरून खाली आणली.

रात्री तेल काढून झाकण उघडलं. बायको बॅटरी धरून बसली. मी मोजले, मग तिने मोजले, मग मी पुन्हा. पिनियनचे 8. क्राऊनचे 39. पुढची चाकं आठ फेरे फिरतात तेवढ्यात मागची जवळजवळ नऊ.

"पुढचे किती?" तिने विचारलं.

"43."

"पहिल्यापासून तितकेच होते?"

"हो."

"म्हणजे माझी अर्धी बरोबर आहे," ती म्हणाली आणि बॅटरी विझवली.

दुसऱ्या दिवशी चित्रशाळेतून गणपती आणला, दोन चाकांवर, सपाट रस्त्याने. मूर्ती पुढे तिच्या मांडीवर होती, तिच्याच हद्दीत. निघण्यापूर्वी तिने माटोळीतून उरलेला केवणीच्या सालीचा दोर घेतला आणि चार चाकांचा तो दांडा सीटच्या पायाला करकचून बांधला. मी काही म्हणू शकलो नाही. दांडाही पुढच्या अर्ध्यातच येतो.