सगळं खापर नशिबावर नको

पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेतली हार म्हणजे निव्वळ दुर्दैव, हा तुमच्या लेखातला सूर पटला नाही. दुर्दैव असतंच. हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे आणि सगळ्या चिप्स, म्हणजे पैजेच्या चकत्या, डावावर लावलेल्या, तरी साधारण पाचात एकदा राजेच जिंकतात. ऐंशी टक्क्यांचे असे चार डाव लागोपाठ आले तर चारही जिंकण्याची शक्यता 41 टक्केच उरते!

पण खरा कस लागतो तो बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावर. ब्लाइंड्स, म्हणजे पानं बघण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या पैजा, वाढत असतात, चिप्स आटत असतात. मोठा साठा असलेला खेळाडू डावामागून डाव रेझ करून, म्हणजे पैज वाढवून, सगळ्यांना दमात घेतो आणि मधल्या साठ्याचे खेळाडू चांगली पानंही टाकून देतात. त्याला भित्रेपणा म्हणू नका. बाद झालं तर बक्षीस हुकतं, म्हणून तिथे गमावलेल्या चिपची किंमत कमावलेल्या चिपपेक्षा जास्त असते, आणि हे लेखात यायलाच हवं होतं.

1982 मध्ये जॅक स्ट्रॉस वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत एका चिपवर आला होता. तिथून तो ती स्पर्धा जिंकला. एवढी मजल नुसत्या पानांवर मारता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.